खिशातला फोटो

मूकपट बघताना बहुतेकांची नजर चेहऱ्यांवर खिळते. वटारलेले डोळे, छातीवर मुठी, वगैरे. फ्रेंच कौटुंबिक मेलोड्रामा असेल तर नजर जरा खाली, हातांवर आणावी. कोणाच्या खिशात काय गेलं, टेबलाचा कुठला खण घाईने बंद झाला, पाकीट फोडलंय की अजून चिकटलेलं आहे, अर्धी गोष्ट तिथेच चाललेली असते. बोलपटात धमकी कानात कुजबुजता येते, फोनवर देता येते. मूकपटातल्या ब्लॅकमेलला मात्र कागद लागतो, आणि तो कागद प्रेक्षकाला दाखवावाच लागतो.

‘ला मेझाँ द्यु मिस्तेर’, म्हणजे रहस्याचं घर, हे त्याचं झकास उदाहरण. साल 1923. ज्यूल मारीच्या कादंबरीवरून केलेली दहा भागांची मूकपट-मालिका, दिग्दर्शक अलेक्सांद्र व्होल्कोव्ह. क्रांतीनंतर रशिया सोडलेल्या कलावंतांनी पॅरिसला लागून असलेल्या मोंत्रईत बिऱ्हाड थाटलं होतं, त्यांचं हे काम. नायक गिरणीमालक ज्युलियाँ, म्हणजे इव्हान मोझुखिन. त्याच्या बायकोवर, रेजीनवर, गिरणीचा व्यवस्थापक कोराद्याँचा डोळा. एका बँकरचा तिच्यावरचा जिव्हाळा ज्युलियाँला खुपतो. तो तिचा बाप आहे हे बिचाऱ्याला ठाऊकच नसतं. कोराद्याँ बँकरचा खून करतो आणि आळ येतो ज्युलियाँवर.

इथवर सगळं ओळखीचं. पण रानात राहणाऱ्या, फोटोग्राफीचा नाद असलेल्या रुदबर्गने नेमका त्या खुनाचा फोटो टिपलेला असतो. तो फोटो न्यायाधीशापुढे ठेवला तर मालिका दुसऱ्या भागातच आटोपेल. रुदबर्ग तो स्वतःपाशी ठेवतो आणि कोराद्याँकडून पैसे घेत राहतो, पोराच्या शिक्षणासाठी. हा माणूस राक्षस नाही, हीच खरी पंचाईत. निकोलाय कोलीनने त्याला असा ओशाळा, मायाळू केलाय की राग धड येत नाही. पुढे त्याच पोराचा जीव ज्युलियाँच्या मुलीवर जडतो. मेलोड्रामा असा व्याजासकट वसूल करतो.

बघण्याची थोडी तयारी मात्र हवी. पहिली भानगड वेगाची. 35 मिलिमीटरच्या एक फूट फिल्मवर 16 चौकटी, म्हणजे फ्रेम्स, मावतात. हजार फुटांचं रीळ सेकंदाला 16 चौकटींनी चालवलं तर 16 मिनिटं 40 सेकंद पुरतं. तेच बोलपटाच्या 24 ने पळवलं तर जेमतेम 11 मिनिटं. मूकपटांचा वेग ठरीव नसायचा. सावकाश चित्रित केलेला प्रसंग 24 ने दाखवला की प्रेतयात्रासुद्धा लोकल पकडायला निघाल्यासारखी धावते. माणसं तुरुतुरु चालताना दिसली तर प्लेअरमध्ये वेग 0.75 करून बघावा. संगीतही रेंगाळेल, पण माणसं माणसांसारखी चालतील. टीव्हीवरचं ‘मोशन स्मूदिंग’ आधी बंद करावं. ते मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने बनवतं आणि 1923 ची गिरणी कालच्या मालिकेच्या सेटसारखी गुळगुळीत दिसू लागते. चित्र 4:3 मध्येच ठेवावं. पडदा भरायच्या हौसेने ताणलं तर सगळे गलेलठ्ठ, आणि वरून-खालून कापलं तर पहिले जातात ते हात. म्हणजे पत्रंही गेली.

दुसरी गंमत रात्रीची. तेव्हा रात्रीचे बाहेरचे प्रसंग बरेचदा दिवसाच घेत आणि दाखवायच्या प्रतीला निळ्या रंगात बुडवून रात्र करत. हा रंग प्रतीला असे, निगेटिव्हला नव्हे. म्हणून निगेटिव्हवरून काढलेल्या साध्या काळ्या-पांढऱ्या प्रतीत एखादा गृहस्थ भर उन्हात कंदील घेऊन चाचपडताना दिसतो. हसू येतं, पण चूक त्याची नाही. तिथे निळा रंग आपणच मनात भरायचा. ओठ काळे दिसतात तेही शोकाने नव्हे. त्या काळच्या नेहमीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे.

मधेमधे येणाऱ्या संवादाच्या पाट्यांचं म्हणाल तर फ्रेंच पाटी आणि खालचं इंग्रजी भाषांतर एकदम वाचायच्या फंदात पडू नये. पत्राचा क्लोजअप आला की आधी सही बघावी, मग मजकूर. या घराण्यांत घोटाळा बहुधा सहीतच असतो.

सहा तासांहून मोठा हा ऐवज एका बैठकीत संपवू नये. मालिका आठवड्याला एक भाग या हिशेबाने बघायच्या असत. सलग लावल्या तर योगायोग एकमेकांच्या अंगावर पडतात आणि प्रत्येक भागाच्या टोकाची हुरहूर वाया जाते. रोज एक भाग ठीक. पहिल्या भागात लग्नाचा प्रसंग येतो, सगळा छायाकृतींत: काळी माणसं, मागे उजेड, चेहरा एकाचाही दिसत नाही. तिथे थांबून एकदा मागे जावं आणि चालण्याच्या ढबीवरून कोण कोण आहे ते ओळखून बघावं.