ड्रायव्हरचा वाटा

स्कॉटलंडमधल्या डिस्टिलऱ्या, म्हणजे व्हिस्की गाळण्याचे कारखाने, बघत हिंडायचं ठरलं, तेव्हा गाडी कोण चालवणार हे कुणी विचारलंच नाही. तिघांनी फक्त माझ्याकडे बघितलं. ड्रायव्हिंगची हौस मी कधीतरी बोलून दाखवली होती, ती नडली.

तिथला कायदा शेजारच्या इंग्लंडपेक्षा कडक. इंग्लंडात १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल चालतं, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०च. म्हणजे घोटभरही नकोच. डिस्टिलरीवाल्यांना याची सवय असते. टेस्टिंगला बाकीच्यांपुढे ग्लास मांडतात आणि ड्रायव्हरच्या हातात इवल्याशा बाटल्या देतात, मुक्कामी पोचल्यावर घ्यायला. अगदी कंपाउंडरने औषध बांधून द्यावं तशा.

त्यामुळे स्पे नदीच्या खोऱ्यात तीन दिवस मी नुसता वास घेत फिरलो. एका दालनात गरम पाण्यात भिजलेल्या, भरडलेल्या बार्लीचा गोडसर, लापशीसारखा वास. पुढच्यात दोन माणसं उंचीची लाकडी पिंपं, आत फसफसणारं मिश्रण. मी उत्साहाने झाकणातून डोकावलो आणि कार्बन डायऑक्साइडचा असा भपकारा नाकात गेला की डोळ्यांतून पाणीच आलं. मग तांब्याच्या, लांब मानेच्या भट्ट्या. त्यांच्यातून निघणारी धार पितळी चौकटीच्या काचपेटीतून वाहते, पेटीला कुलूप. पूर्वी त्याची किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे असे. धार दिसते, हात मात्र लावता येत नाही. त्या पेटीपुढे मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

खरी गंमत गोदामात. अंधार, गारवा, ओलसर माती आणि ओकच्या पिंपांच्या रांगा. तीन वर्षं ओकमध्ये मुरल्याशिवाय त्या दारूला स्कॉच म्हणताच येत नाही. मुरता मुरता दरवर्षी साधारण दोन टक्के हवेत उडून जाते. त्याला तिथे म्हणतात देवदूतांचा वाटा. व्हॅनिला, मनुका, जुनं लाकूड असा काहीतरी तो वास. मी छाती भरून घेतला. देवदूतांच्या ताटातलं उष्टं, पण कायद्यात बसणारं. बाहेर आलो तर गोदामाच्या भिंती काळ्याकुट्ट. याच वाफेवर पोसणारी बुरशी म्हणे. म्हणजे बुरशीलाही मिळते.

शेवटी फेरीबोटीने आयला बेटावर गेलो. पोर्ट एलन गावापासून लाफ्रोएग, लागावुलिन आणि आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्या एकाच रस्त्यावर ओळीने, सगळं अंतर पाचेक किलोमीटर, बाजूने पायवाट. गाडी मुक्कामालाच ठेवली! लाफ्रोएगमध्ये बार्ली वाळवायला अजूनही पीटचा, म्हणजे दलदलीत शतकानुशतकं कुजून साठलेल्या वनस्पतींच्या मातीचा, धूर देतात. पहिला घोट घेतला. धूर, समुद्र आणि आयोडीन. दवाखान्याला आग लागल्यासारखी चव, आणि मला ती फार आवडली. लागावुलिनला दुसरा. आर्डबेगला तिसरा, जरा निवांत.

बाहेर पडलो तर आडवा पाऊस सुरू झालेला. तिघे थकले होते. मुक्काम पाच किलोमीटर मागे आणि गाडी तिथे. तिघांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं.

मी तीन पेग प्यालो होतो.