सोनं ट्यूबला चिकटेना, कारण चार्ज

गेले तीन आठवडे माझं एकच चाललंय, कार्बन नॅनोट्यूबवर (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) सोन्याचे नॅनोपार्टिकल (तितकेच सूक्ष्म कण) बसवायचे. आज जमलंय, म्हणून लगेच लिहायला बसले.

मल्टीवॉल्ड (एकात एक अनेक भिंतींच्या) नॅनोट्यूब म्हणजे दिसायला काजळीसारखी पूड, पाण्यात टाकली की गुठळ्या होऊन तळाशी जाते. भिंत सगळी ग्राफाइटसारखी, तिथे दुसऱ्या कशाला धरायला जागाच नाही. म्हणून आधी सल्फ्युरिक आणि नायट्रिक ॲसिड ३:१ घेऊन रिफ्लक्स करायचं, म्हणजे वाफ थंड करून परत आत सोडत उकळायचं (फ्यूम हूडमध्येच हं!), मग टोकांना आणि जिथे जाळी तुटलेली असते तिथे कार्बोक्सिल ग्रुप (कार्बन-ऑक्सिजनचे आम्लधर्मी गट) येतात आणि ट्यूब पाण्यात शाईसारख्या पसरतात. फार वेळ ठेवलं तर तुटून आखूड होतात. रामन स्पेक्ट्रममध्ये (लेझर टाकून अणूंची कंपनं मोजतात) १३५० cm⁻¹ जवळचा डी बँड, म्हणजे तुटलेल्या जाळीची खूण, १५८० जवळच्या जी बँडच्या, म्हणजे ग्राफाइटच्या खुणेच्या, तुलनेत वाढला की समजायचं ॲसिड लागलं.

सोनं तुर्केविचच्या १९५१ च्या पद्धतीने केलं, उकळत्या गोल्ड क्लोराईडमध्ये सायट्रेट टाकलं की काही मिनिटांत कोकम सरबतासारखा लाल रंग येतो, कण साधारण १५-२० नॅनोमीटरचे. हा रंग मी कितीदा पाहिला तरी मन भरत नाही.

दोन्ही एकत्र करून रात्रभर ढवळलं, सकाळी हळू स्पीडला सेंट्रिफ्यूज केलं तर ट्यूब खाली आणि वरचं पाणी तस्संच लाल. म्हणजे सोनं सगळं वरच राहिलं. दोनदा असंच. मग ताईंनी (आमच्या सीनियर) विचारलं, अगं दोघांचा चार्ज काय? कार्बोक्सिल निगेटिव्ह, सोन्याच्या कणांवर बसलेलं सायट्रेटही निगेटिव्ह, ते जवळ येतीलच कसे! आणि मी मात्र ॲसिडची वेळ बदलत बसले होते.

मग मध्ये पीडीडीए आणलं, हे पॉझिटिव्ह चार्जचं पॉलिमर, ते ट्यूबला गुंडाळून बसतं आणि बाहेरून सोन्याला ओढतं. पहिल्या खेपेला जादा पीडीडीए नीट धुतलं नाही तर सोनंच एकमेकांना चिकटून सगळं जांभळं झालं, एक बॅच गेली. चार वेळा धुवून परत केलं तेव्हा वरचं पाणी स्वच्छ, रंगच नाही, मी तो ट्यूबचा सँपल घेऊन पळतच टीईएमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) गेले. स्क्रीनवर राखाडी ट्यूबवर काळे ठिपके, मण्यांसारखे, ओळीने!

काही ट्यूबवर अजून मोकळ्या जागा आहेत आणि हे धरणं फक्त चार्जचं आहे, मिठाचं पाणी वाढलं की सुटू शकतं. सल्फर सोन्याला घट्ट धरतो, म्हणून आता कार्बोक्सिलवर थायोल (सल्फर असलेला गट) जोडून बघणारे, त्याचं सामान सोमवारी येतंय.