घरच्या रॅकची फेररचना : १० गिगाबिट आणि वॅटचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात हाती घेतलेले घरच्या सर्व्हर रॅकचे काम आता आकडे मांडून बोलता येईल अशा टप्प्यावर आले आहे. स्टोअर रूममधला भिंतीवरचा ९ यूचा (यू हे रॅकमधल्या उंचीचे माप) रॅक जाऊन तिथे ६०० मिमी रुंद आणि ८०० मिमी खोल असा १८ यूचा उभा रॅक आला आहे. साठवणीचा सर्व्हर आणि अभ्यासिकेतला संगणक सेकंदाला १० गिगाबिट वेगाने जोडले गेले आहेत आणि एवढे होऊनही रॅकचा वीजवापर पूर्वीच्या जवळजवळ निम्म्यावर आला आहे. मला स्वतःला या शेवटच्या गोष्टीचे सर्वांत जास्त समाधान आहे, कारण पुण्यातल्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत रॅक चालवायचा तर प्रत्येक निर्णय अखेर वॅटपाशी येतो. मीटरवर मोजला गेलेला प्रत्येक वॅट उष्णता होऊन त्याच खोलीत उतरतो आणि ती उष्णता हार्ड डिस्कचे व बॅटरीचे आयुष्य खाते.

इंटरनेटचे कनेक्शन ३०० मेगाबिटचे असताना घरात १० गिगाबिट कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे त्याचे उत्तर दिवाळी अंकांमध्ये आहे. वडिलांनी जमवलेल्या जुन्या अंकांचे स्कॅनिंग मी करतो आहे. ए-४ आकाराचे एक पान ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केले, की त्याची टिफ फाइल सुमारे १०४ मेगाबाइटची होते, म्हणजे दोनशे पानांचा एक अंक साधारण २१ गिगाबाइटचा झाला. एक बाइट म्हणजे आठ बिट, आणि एक गिगाबिटच्या जाळ्यावर प्रत्यक्षात सेकंदाला ११७ मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो, त्यामुळे एक अंक उघडायलाच तीन मिनिटे जातात. पाने सरळ करणे, डाग काढणे, टेसरॅक्ट या प्रोग्रामने मजकूर ओळखून घेणे अशा प्रत्येक फेरीत तोच अंक पुन्हा इकडून तिकडे जातो. सर्व्हरवरच्या फाइली स्थानिक डिस्कवर न उतरवता जिथल्या तिथे हाताळता याव्यात, एवढाच या खटाटोपाचा हेतू होता.

पहिला निर्णय तांबे की फायबर हा होता. आमच्या भिंतीत कॅट-६ ही तांब्याची नेटवर्क केबल आधीपासूनच आहे. तांब्यावरून १० गिगाबिट नेण्याचे मानक २००६ सालचे असून ते कॅट-६ वर ५५ मीटरपर्यंत आणि कॅट-६ए वर १०० मीटरपर्यंत चालते, तेव्हा सदनिकेतल्या अंतराला कॅट-६ पुरेशी होती. अडचण होती ती टोकाला बसणाऱ्या मॉड्यूलची, म्हणजे केबल जिच्यात खोचतात त्या छोट्या डबीची. एसएफपी प्लस पोर्टात (हवे ते मॉड्यूल घालता येणारा १० गिगाबिटचा पोर्ट) बसणारे आरजे-४५, म्हणजे तांब्याच्या केबलचे, मॉड्यूल दोन ते तीन वॅट खाते, फायबरचे मॉड्यूल साधारण एका वॅटवर भागवते आणि रॅकमधल्या रॅकमध्ये वापरायची, दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडूनच येणारी तयार डॅक केबल त्याहूनही कमी. मी घेतलेला मायक्रोटिकचा सीआरएस-३०९ हा आठ एसएफपी प्लस पोर्टांचा, पंखा नसलेला स्विच (उपकरणे एकमेकांना जोडणारी पेटी) आहे. अशा पंखाविरहित स्विचमध्ये आरजे-४५ मॉड्यूल शेजारी शेजारी बसवू नयेत, मध्ये एक पोर्ट रिकामा सोडावा, असे मायक्रोटिकचेच मार्गदर्शन आहे. पोर्ट रिकामे ठेवायचे असतील तर आठ पोर्टांचा स्विच घेण्यात काय अर्थ उरतो? एका मित्राचे तांब्याचे मॉड्यूल आणून मी तासभर चालवून पाहिले, तेव्हा त्याचे तापमान ७४ अंशांवर स्थिरावले. त्याच पोर्टात फायबरचे मॉड्यूल ४५ अंशांवर राहिले. तिथे तो विषय संपला.

ज्यांना भिंतीला हात लावायचाच नाही, त्यांनी मात्र अडीच गिगाबिटचा विचार जरूर करावा. २०१६ च्या मानकाप्रमाणे जुन्या कॅट-५ई केबलवरही तो वेग १०० मीटरपर्यंत मिळतो, स्विच थंड राहतो आणि पुष्कळ नव्या मदरबोर्डांवर तसा पोर्ट आधीपासूनच असतो. अनेक घरांना तेवढे पुरेसे आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

फायबरमध्ये मी कमी अंतरासाठीच्या मल्टिमोडऐवजी लांब अंतराची सिंगल मोड निवडली. घरगुती अंतरासाठी ओएम-३ ही मल्टिमोड केबलसुद्धा भरपूर झाली असती, कारण तिच्यावर १० गिगाबिट ३०० मीटरपर्यंत जाते. परंतु भिंतीत एकदा घातलेली केबल पुन्हा काढायची नसते, आणि पुढे वेग वाढवायचा झाला तर सिंगल मोडमध्ये काचेचा तंतू तोच ठेवून फक्त टोकांची मॉड्यूल बदलता येतात. केबल जी-६५७-ए२ प्रकारची घेतली, जिला साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचा वाक चालतो. भिंतीतल्या कन्ड्युट पाइपातल्या वळणांसाठी हा गुण मोलाचा ठरतो.

हा पाइप २० मिमीचा असून अभ्यासिकेपासून स्टोअर रूमपर्यंत जाताना त्याला दोन काटकोनी वळणे आहेत. बिल्डरने त्यात टीव्हीची कोअॅक्सिअल केबल आणि टेलिफोनची जोडी घालून ठेवली होती. दोन्ही वर्षानुवर्षे निरुपयोगी पडल्या होत्या. टेलिफोनची जोडी आधी बाहेर काढली आणि कोअॅक्सिअलच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधून, ती ओढता ओढता दोरी पलीकडे नेली. नंतर त्या दोरीला फायबर बांधली. बांधताना गाठ कनेक्टरवर येऊ द्यायची नाही, केबलच्या आतल्या पिवळसर अॅरामिड धाग्यांवर घ्यायची. ओढीचा ताण त्या धाग्यांनीच सोसायचा असतो, काचेने नव्हे. केबलच्या टोकाचे दोन्ही एलसी कनेक्टर एकाच जागी आले तर वळणात अडकतात, म्हणून एक पुढे आणि दुसरा बोटभर मागे ठेवून वरून पातळ टेप गुंडाळली. एकाने पलीकडून सावकाश ओढायचे आणि दुसऱ्याने अलीकडून केबल हाताने आत सोडत राहायचे, ही दोन माणसांचीच कामगिरी आहे. पत्नीने पलीकडची बाजू सांभाळली आणि दुसऱ्या वळणाशी ओढ जड लागताच तिने थांबून केबल थोडी मागे घ्यायला लावली. त्या क्षणी जोर केला असता तर केबल बहुधा तिथेच गेली असती.

केबल ओढण्यापूर्वी जमिनीवर मोकळी सोडून मॉड्यूलने दाखवलेली प्रकाशशक्ती मी टिपून ठेवली होती. ती उणे २.९ डीबीएम (उणे आकडा जितका मोठा तितकी शक्ती कमी) होती आणि पाइपातून गेल्यावर उणे ३.१ झाली. सिंगल मोडच्या एलआर मॉड्यूलला उणे १४.४ पर्यंतची शक्ती चालते, तेव्हा वळणांनी केबलचे काहीही बिघडवलेले नाही हे या एका आकड्यावरून कळले. फायबर ओढणाऱ्या प्रत्येकाने आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

रॅकविषयी थोडे सांगतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक रॅकना पुढे टफन्ड काचेचे दार असते. ते देखणे दिसते, पण पुढून हवा आत घेणाऱ्या सर्व्हरचा त्यामुळे श्वास कोंडतो. मी जाळीचे दार मागवले. वरच्या बाजूचे मूळ २३० व्होल्टचे पंखे फार आवाज करत, त्यांच्या जागी १२० मिमीचे मंद गतीचे पंखे बसवले. मात्र सर्वाधिक फरक पडला तो रिकाम्या जागा झाकणाऱ्या पत्र्यांनी. दोन उपकरणांमध्ये उघडी जागा राहिली, की मागची गरम हवा तिथून पुन्हा पुढे येते आणि तीच हवा सर्व्हर परत आत ओढतो. हे साधे पत्रे तपकीर गल्लीजवळच्या एका दुकानदाराकडून मापाप्रमाणे कापून घेतले. १ यू म्हणजे ४४.४५ मिमी, पण पत्रा त्याहून किंचित कमी उंचीचा ठेवावा लागतो, नाहीतर शेजारच्या उपकरणाला घासतो. खोलीत ३६ अंश असताना डिस्कचे तापमान पूर्वी ५१ पर्यंत चढत असे, आता ते ४४ च्या वर गेलेले नाही.

यूपीएस सर्वांत खाली ठेवला आहे. वजन हे त्याचे एक कारण, दुसरे पुन्हा उष्णतेचेच. सीलबंद लेड-अॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या हिशेबाने सांगितलेले असते आणि त्यावर प्रत्येक दहा अंशांना ते साधारण निम्मे होत जाते. रॅकमधली सर्वांत थंड हवा तळाशी असते, म्हणून ती जागा बॅटरीची.

घरचा इन्व्हर्टर असताना वेगळा यूपीएस का, असेही मला विचारले गेले आहे. संगणकाचा पॉवर सप्लाय वीज खंडित झाल्यावर पूर्ण भाराखाली सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो, आणि इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागला तर सर्व्हर बंद पडलाच म्हणून समजा. शुद्ध साइन वेव्हचा छोटा यूपीएस ही फट भरून काढतो आणि पुढचा लांब पल्ला इन्व्हर्टर सांभाळतो. यूपीएसची बॅटरी ठरावीक पातळीखाली आली, की नट ही प्रणाली सर्व्हरला रीतसर बंद व्हायला सांगते.

आता वेगाकडे येतो. वेग मोजणाऱ्या आयपर्फ-३ ने दोन टोकांमध्ये ९.४१ गिगाबिट वेग दाखवला. हा आकडा १० का नाही, याचे कारण गणितात आहे. १५०० बाइटांच्या पॅकेटमध्ये आपला खरा मजकूर १४४८ बाइट असतो आणि सगळे शीर्षभाग व मधले अंतर धरून तारेवर १५३८ बाइटांची जागा जाते. जम्बो फ्रेम, म्हणजे याहून बरीच मोठी पॅकेटे, चालू केल्या तर तोच आकडा ९.९ पर्यंत जातो. तरीही मी त्या चालू केलेल्या नाहीत, कारण त्याच जाळ्यात प्रिंटर, टीव्ही आणि कॅमेरे आहेत आणि पाच टक्क्यांसाठी दोन आकारांच्या पॅकेटांचा गुंता सांभाळणे मला पटत नाही.

खरी कसोटी मात्र डिस्कची आहे. सहा हार्ड डिस्कच्या रेड-झेड-२ पूलमधून (दोन डिस्क बिघडल्या तरी माहिती टिकवणारी रचना) मोठ्या फाइली वाचताना मला सेकंदाला ६५० ते ७०० मेगाबाइट मिळतात, म्हणजे १० गिगाबिटची तार भरतही नाही. तोच अंक लगेच दुसऱ्यांदा उघडला, की झेडएफएस ही साठवण-प्रणाली तो मेमरीतून देते आणि तार काठोकाठ भरते. म्हणून हातातले काम एनव्हीएमई या वेगवान एसएसडींच्या मिरर जोडीवर (दोन्हींवर एकच माहिती) आणि पूर्ण झालेले अंक हार्ड डिस्कवर, अशी विभागणी केली आहे. तीन मिनिटांचे काम आता अर्ध्या मिनिटाच्या आत होते. स्विच आणि कार्ड घेण्याआधी आपल्या डिस्क किती वेग देतात ते मोजावे, कारण हार्ड डिस्क एकच असेल तर अडीच गिगाबिटच्या पलीकडे केलेला खर्च वाया जातो.

विजेचा हिशेब असा. आधीचा दोन प्रोसेसरांचा जुना सर्व्हर धरून रॅक सतत १८० वॅट घेत असे, म्हणजे महिन्याला सुमारे १३० युनिट. आता सगळे मिळून ९२ वॅट, म्हणजे ६६ युनिट. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातो, त्यामुळे वाचलेली युनिटे बिलाच्या सर्वांत महाग टप्प्यातली असतात. नेटवर्क कार्ड निवडतानाही हेच पाहिले. आधी लावलेल्या जुन्या पिढीच्या कार्डामुळे प्रोसेसर खोल निद्रावस्थेत जातच नव्हता, ते बदलून नव्या पिढीचे घेतल्यावर एवढ्या एका कारणाने ११ वॅट कमी झाले. वापरलेली कार्डे स्वस्त मिळतात म्हणून घेताना ही बाब अवश्य तपासावी, तसेच कार्ड इतर कंपन्यांची मॉड्यूल स्वीकारते का, तेही आधीच विचारून घ्यावे.

पुढचे काम नाशिकला बहिणीच्या घरी दुसरी प्रत ठेवण्याचे आहे. तिथे दोन डिस्कच्या मिररचा एक लहान सर्व्हर राहील आणि इंटरनेटवरच्या वायरगार्डच्या सुरक्षित बोगद्यातून रोज रात्री फक्त बदललेला भाग झेडएफएस तिकडे पाठवील. सगळा साठा मिळून ९ टेराबाइट आहे. आमच्या १५० मेगाबिटच्या अपलोडने पहिली प्रत पाठवायची तर साडेपाच दिवस अखंड लागतील, म्हणून ती इथेच रॅकमधल्या पोर्टावर घ्यायचे ठरवले आहे. लिहिण्याचा वेग सेकंदाला २०० मेगाबाइट धरला तर साडेबारा तासांत ते काम होईल. त्यानंतर स्क्रब, म्हणजे सगळी माहिती वाचून केलेली तपासणी, चालवून प्रत निर्दोष असल्याची खात्री करायची आणि मगच तो सर्व्हर नाशिकला न्यायचा.