हेलिकॉप्टरच्या आवाजाची तक्रार: माझा अनुभव

आम्ही बेळगावातल्या वडगावचे, मागाच्या खटखटीत वाढलेलो, आवाजाची तक्रार करणारी माणसं नव्हेच. पण मागच्या वर्षी लेकीच्या दहावीच्या तोंडावर जवळच्या मैदानावरून हेलिकॉप्टर राईड सुरू झाली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर दहा-बारा मिनिटाला एक फेरी, तीपण आमच्याच गल्लीवरून. उतरायला आलं की मांडणीतल्या स्टीलच्या वाट्या एकमेकीवर थरथरायच्या, सासूबाई छातीवर हात ठेवून बसायच्या आणि पोर कानात कापूस घालून गणितं सोडवायची, बघून जीव तुटायचा.

पहिल्या ऑफिसात गेले तर म्हणाले, "आकाश आमच्याकडं येत नाही ओ ताई, दिल्लीला लिवा." दुसरीकडं सांगितलं, लाऊडस्पीकर असला तर बघू. चार दिवस नुसत्या खेपा.

मग रात्री बसून नियम वाचले. उडण्याचे नियम डीजीसीएचे (केंद्राचं विमान वाहतूक खातं) म्हणजे दिल्लीचेच, हे खरं. शहरावरून जाताना 600 मीटरच्या आतल्या सगळ्यात उंच इमारतीच्याही वर 1000 फूट राहावं लागतं, पण त्यातनं टेकऑफ आणि लँडिंग वगळलंय, आणि आमचा त्रास लँडिंगचाच की! उतरताना एका पात्यानं मागं सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यावर दुसरं पातं आदळतं, ती फटफट त्याचीच असते. म्हणजे उंचीवरून भांडून काय उपयोग नव्हता. पण मैदान तर बेळगावचं आहे. न्यूयॉर्कमध्येपण आकाश शहराच्या हातात नाही, हेलिपोर्ट मात्र शहराचा, म्हणून 2016 मध्ये तिथल्या टुरिस्ट फेऱ्या निम्म्यावर आणायचं ठरलं आणि रविवारच्या बंद झाल्या. हे वाचलं तेव्हा अर्ज कसा लिहायचा ते कळलं.

2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, त्याच्यावर 10 किंवा जास्त गेलं की तक्रार देता येते. मोबाईलच्या ॲपवर 80 दिसायचं, पण तो काय पक्का पुरावा नव्हे, म्हणून प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहीत गेले, एका दिवसात 41 भरल्या. शेजारच्या कन्नड मुलीनं स्वतःचे पीयूसीचे (इकडची अकरावी-बारावी) पेपर चालू असताना अर्ज कन्नडात लिहून दिला, तिचे उपकार मी विसरणार नाही. मागण्या दोनच, परीक्षा संपेपर्यंत दुपारी तीनच्या आधी फेऱ्या नकोत आणि उतरताना वस्तीवरून न येता शेताच्या बाजूनं यायचं. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात अर्ज दिला, शिक्क्याची पोच घेतली (पोच घेतल्याशिवाय कुठूनच उठू नका). तिसऱ्या दिवशी वेळ बदलली, बाजूपण बदलली. आवाज लांबून यायचा, पण वाट्या गप्प झाल्या.

त्याच आठवड्यात माहिती अधिकारात मैदानाच्या परवानगीची कॉपी मागितली. फी 10 रुपये, कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. कॉपी आली तेव्हा परीक्षा संपली होती. त्यात पोलीस बंदोबस्त होता, अग्निशामक गाडी होती, पार्किंग होतं, पण फेऱ्या किती, कुठल्या वेळेत, कुठल्या बाजूनं, एक ओळ नाही. म्हणून यंदा जानेवारीतच जाऊन आले, या तीन गोष्टी परवानगीतच अट म्हणून घाला असा अर्ज देऊन. खाली गल्लीतल्या 63 जणांच्या सह्या आहेत, पहिली सासूबाईंची.