फँटम ड्राफ्ट २०२५: पिक १ की पिक २, गाडी इथेच अडली आहे

मंडळी, नवख्यांसाठी आधी दोन ओळी: ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये क्लब पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात, त्या पाळीला पिक म्हणतात. काही मुलं अकादमीमुळे किंवा वडिलांमुळे एखाद्या क्लबशी बांधलेली असतात. दुसऱ्या क्लबने अशा मुलाचं नाव पुकारलं की ती बिड, आणि त्याच्या क्लबने आपल्या पिकचे पॉइंट मोजून त्याला राखलं की मॅच. २०२५ च्या ड्राफ्टआधी कोण कुठे जाईल याचा अंदाज, म्हणजेच फँटम ड्राफ्ट, काढायला मी एक प्रोग्रॅम लिहितेय. आता चांगली बातमी. बिड मॅच झाल्यावर सगळे पिक खाली सरकवणारा त्यातला भाग अखेर चालला! तपासायला २०२४ चा ड्राफ्ट त्यात घातला. पाचव्या पिकला मेलबर्नने लीव्हाय अ‍ॅशक्रॉफ्टवर बिड टाकली, ब्रिस्बेनने मॅच केली, मेलबर्न सहावर गेलं. पुढे नवव्या जागी लिओ लोम्बार्डसाठी गोल्ड कोस्टने मॅच केली आणि मेलबर्नचा मूळचा ९ वा पिक बरोबर ११ वर येऊन थांबला. सहावर लँगफर्ड, अकरावर झेव्हियर लिंडसे, प्रत्यक्षात झालं तस्संच. त्या दोन ओळी स्क्रीनवर बघताना जो आनंद झाला तो तुम्हालाच कळेल.

ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: हे स्प्रेडशीटमध्ये करायच्या फंदात पडू नका. वापरलेले पिक रांगेच्या शेवटी जातात, उरलेल्या पॉइंटचा नवा पिक मध्येच कुठेतरी तयार होतो, त्याने इतरांच्या जागा बदलतात आणि मग पुढच्या बिडची किंमतही बदलते. सूत्रं एकमेकांच्या शेपट्या धरून गोल फिरत बसतात. पायथनमध्ये एक साधी यादी आणि एक लूप घेतला की प्रकरण मिटतं. खेळाडूंची आकडेवारी मात्र फुकटच्या साइटवरून उतरवताना नावं तपासून घ्या. मला मिळालेल्या फाइलमध्ये झेन आणि विलेम हे डूर्स्मा बंधू एकाच ओळीत कोंबले होते. नॉर्थ मेलबर्नकडून खेळणाऱ्या मोठ्या भावाचे आकडे गिप्सलँड पॉवर या युवा संघातल्या पोराच्या नावावर!

कुठला पिक किती पॉइंटचा हे सांगणारा २०२५ चा तक्ताही बसवला. पिक १ अजून ३,००० पॉइंटचाच, पण दुसरा पिक २,५१७ वरून २,४८१ वर आला आहे आणि मॅच करणाऱ्या क्लबला मिळणारी सवलत २० टक्क्यांवरून १० वर. लीव्हायसाठी ब्रिस्बेनला जुन्या हिशेबात १,५०२ मोजावे लागले. पाचवी बिड यंदा आली तर १,६१६. शिवाय ५४ च्या पुढच्या पिकला पॉइंटच नाहीत, म्हणजे शेवटची चिल्लर गोळा करून मोठा मासा पकडायचे दिवस गेले. मला हा बदल मनापासून पटतो. जिंकणाऱ्या क्लबला पहिल्या पाचातला मुलगा इतका स्वस्त मिळू नये.

आता अडलेली गाडी. वेस्ट कोस्टकडे १ आणि २ दोन्ही आहेत. रिचमंडकडे ३ आणि ४, एसेंडनकडे ५ आणि ६. माझ्या यादीत विलेम डूर्स्मा पहिला, त्याला अगदी चिकटून झीक युलंड, आणि युलंड गोल्ड कोस्टच्या अकादमीचा. वेस्ट कोस्टने पहिल्याच पिकला युलंडवर बिड टाकली तर गोल्ड कोस्टला २,७०० मोजावे लागतील. आधी डूर्स्माचं नाव पुकारून मग टाकली तर २,२३३. फरक ४६७ पॉइंटचा. वेस्ट कोस्टला मात्र दोन्हीकडे सारखंच: मॅच झाली तरी डूर्स्मा मिळतो आणि पुढचा एक पिक हातात राहतो, गोल्ड कोस्टने हात वर केले तर डूर्स्मा आणि युलंड दोघंही वेस्ट कोस्टच्या पर्थला जातात. एकटा पिक १ असता तर बिड टाकणं जोखमीचं ठरलं असतं, कारण मॅच झाली नाही तर डूर्स्मा गेला. लागोपाठ दोन पिक असल्यावर ती जोखीमच उरत नाही.

म्हणून माझा प्रोग्रॅम दर वेळी पहिल्या पिकलाच बिड टाकतो. कितीही वजनं बदला, तो हटत नाही. आणि मला ते पटत नाही.

का पटत नाही, ते नॉर्थ मेलबर्नकडे बघितलं की कळेल. २०२२ मध्ये त्यांच्याकडे २ आणि ३ होते. जायंट्सनी एरन कॅडमनला पहिला घेतला, नॉर्थने लगेच दुसऱ्या पिकला विल अ‍ॅशक्रॉफ्टवर बिड टाकली, ब्रिस्बेनने मॅच केली, मग शीझल आणि वॉर्डलॉ. २०२३ मध्ये पुन्हा त्यांच्याकडे २ आणि ३. हार्ली रीड वेस्ट कोस्टला गेल्यावर या वेळी त्यांनी आधी कोल्बी मकर्चर घेतला आणि जेड वॉल्टरवर बिड टाकली ती तिसऱ्या पिकला. त्या उशिरामुळे गोल्ड कोस्टचे तेव्हाच्या तक्त्याने २२७ पॉइंट वाचले. तोच क्लब, तेच दोन पिक, वागणं उलटं. शुद्ध हिशेब असता तर दोन्ही वर्षी आधी बिडच आली असती.

मग वाटलं, नियम सरळ आहे: क्लबच्या स्वतःच्या यादीत तो मुलगा सर्वांत वर असेल तरच पहिल्या संधीला बिड. अ‍ॅशक्रॉफ्टला हे लागू पडतं, २०२० मध्ये अ‍ॅडिलेडने पहिल्याच पिकला जमारा युगल-हेगनवर टाकलेल्या बिडलाही. पण २०२१? निक डाइकोस कित्येकांच्या यादीत पहिला-दुसरा होता आणि त्याच्यावरची बिड आली चौथ्या जागी. त्याच्या आधी हॉर्न-फ्रान्सिस, सॅम डार्सी आणि कॅलहन गेले होते.

हे लिहिता लिहिताच सुचतंय: एकच क्रम काढायचा हट्ट सोडते. दोन फांद्या ठेवते. पहिलीत युलंड १ ला, दुसरीत २ ला, आणि दोन्हींत गोल्ड कोस्टकडे डिलन पॅटरसनसाठी किती पॉइंट उरतात ते बघते. खरा परिणाम तिथेच दिसणार. युलंड २ आणि पॅटरसन ५ अशा जागी गेले तर दोघांचे मिळून ३,८४९. युलंड १ आणि पॅटरसन ४ असं झालं तर ४,४६६. एवढ्या तफावतीत अकादमीच्या तिसऱ्या मुलासाठीचे पॉइंट संपू शकतात. म्हणजे अंदाज "कोण कुठे" असा न मांडता प्रत्येक बांधलेल्या मुलाची किमान आणि कमाल किंमत द्यायची. कार्लटनच्या हॅरी डीनला हे फार चपखल बसेल. १९८७ आणि १९९५ च्या विजेत्या संघांतल्या पीटर डीनचा मुलगा, त्यामुळे कार्लटन मॅच करणार हे सगळ्यांना ठाऊक. प्रश्न फक्त बिड ३ ला येते की ६ ला.

माझं मन अजूनही दुसऱ्या फांदीकडे आहे. मोसमात एकच सामना जिंकलेल्या क्लबच्या चाहत्यांना पिक १ ला आपल्याच मुलाचं नाव ऐकायचं असतं, आणि युलंड मोसमाच्या सुरुवातीला पाठीच्या दुखापतीने बाहेर होता, हेही निवड समितीच्या डोक्यात असणारच.

कूपर डफ-टायटलरला मी वर सरकवलंय. दोनशे सेंटिमीटरच्या आसपासचा मुलगा जमिनीवरचा चेंडू इतक्या सहज उचलतो हे त्याच्या काल्डर कॅनन्स या युवा संघाचे सामने पाहिल्याशिवाय पटत नाही. कम्बाइनमधल्या, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांमधल्या, दोन किलोमीटर धावण्याच्या वेळेला लोक नको तितका भाव देतात. रकमनसाठी (उडवलेल्या चेंडूसाठी उडी घेऊन झगडणारा उंच खेळाडू) मी ते वजन जवळजवळ काढूनच टाकलं आहे. ब्रिस्बेनच्या डॅनियल अ‍ॅनेबलला सध्या ७ वर ठेवलंय, पण रिचमंडने ४ ला बिड टाकली तर हे पानच बदलेल.

दोन्ही फांद्यांचे पहिले वीस पिक ड्राफ्टच्या आधी टाकते. तोवर एसेंडन ५ आणि ६ ला कुणाच्या मागे आहे याबद्दल कुणी काही पक्कं ऐकलं असेल तर कळवा. तिथे माझ्याकडे चार नावं आहेत आणि जागा दोनच.