तुम्ही विचारलंत म्हणून: हरायचे पैसे

“हरणार हे माहीत असताना त्या पोराशी पैसे लावून पूल खेळतोसच कशाला?” हे मला इतक्या जणांनी विचारलंय की हल्ली मी उत्तर न देता क्यूला चॉक घासत राहतो. आज एकदाच सांगून टाकतो.

जुगार नव्हे, शिकवणी आहे, असं मी पहिली दोन वर्षं म्हणायचो. म्हणताना आवाज चढायचा, यातच काय ते आलं.

एकट्याने सराव कर, असंही सांगता. करतो की. नाइन-बॉलमध्ये (नऊ नंबरी बॉलांचा पूल, नऊ नंबर घालेल त्याचा गेम) भुताशी खेळतात: ब्रेक करायचा, पांढरा बॉल हवा तिथे ठेवायचा आणि राहिलेले बॉल नंबराच्या क्रमाने घालायचे. एक चुकला की भूत जिंकलं. पण भूत सेफ्टी खेळत नाही, म्हणजे आपल्याला शॉटच मिळू नये असा बॉल ठेवत नाही. लागोपाठ तीन फाउल झाले की गेम जातो, हा नियम मला पाठ होता. समोरच्याने तीनदा पांढरा बॉल इतर बॉलांआड दडवून माझा गेम खरोखरच घेतला, तेव्हा कळलं की कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर आपटून, बॉल गाठणं मला येतच नाही.

शिवाय खुर्ची, म्हणजे त्याची पाळी असताना बसून बघणं. सरळ रेषेतला शॉट मिळाला की मी खूश व्हायचो. हा मुलगा (माझ्यापेक्षा बराच लहान आहे) मुद्दाम थोडा कोन ठेवायचा. सरळ शॉटवर पांढरा बॉल पुढे जाईल, मागे येईल, नाहीतर जागेवर थांबेल. कोन असला की तो कुशनला लागून टेबलभर फिरतो आणि पुढच्या बॉलपाशी येऊन उभा राहतो. व्हिडिओत हे शंभरदा पाहिलं असेल. डोक्यात शिरलं ते पैसे जात असताना.

आता ती संध्याकाळ. आधी सात गेम जिंकेल त्याची मॅच, पाच-पाच बरोबरी. टेबलावर फक्त नऊ नंबर, त्याला अगदी सरळ, डोळे मिटून घालेल असा. त्याने मारला. नऊ पॉकेटच्या जबड्याला लागला आणि तोंडाशीच लटकला. मी खुर्चीतून उठलो आणि तेवढ्यात पांढऱ्या बॉलकडे लक्ष गेलं. तो जिथे नऊला भिडला होता तिथेच गप्प उभा होता. हात थरथरून चुकलेला शॉट असा दिसत नाही. क्यू कचरतो किंवा धसतो, पांढरा भलतीकडे पळतो. हा स्वच्छ स्टॉप शॉट होता, नेम तेवढा केसभर बाजूला.

मी तो नऊ घातला. सहा-पाच. मग सहा-सातने हरलो.

घरी जाऊन वही काढली. पाच-सात, चार-सात, पाच-सात, सहा-सात. आमच्या फार्गो रेटिंगमध्ये (पूल खेळणाऱ्याची ताकद सांगणारा आकडा) २०० चा फरक आहे. १०० चा फरक म्हणजे जिंकलेले गेम दोनास एक, २०० चा म्हणजे चारास एक. हिशोबाने त्याचे सात होईपर्यंत माझे जेमतेम दोन व्हायला हवेत. हे गणित मला येत होतं, मीच लोकांना समजावून सांगायचो. स्वतःच्या वहीला कधी लावलं नाही. ‘सुधारतोय’ एवढंच वाचत होतो.

पुढच्या वेळी विचारलं, मुद्दाम चुकवतोस का? त्याने नाकारलं नाही. “दादा, रोज सात-एकने हरलात तर याल का तुम्ही?”

राग आला. त्याचा कमी, त्या वही लिहिणाऱ्याचा जास्त. म्हटलं, आजपासून खरं खेळ. तो खेळला. सात-शून्य. मग सात-एक. आणि आता खरी पंचाईत सांगतो: या मॅचमध्ये मी बसूनच असतो. शॉटच वाट्याला येत नाहीत. त्याने भीक घातलेल्या गेममध्ये निदान पाच-पाचला हात कापत असताना क्यू माझ्या हातात असायचा. मग शिकवणी नक्की कुठली होती? जुना मी म्हणतो, तीच. मी त्याला गप्प बसवतो, पण उत्तर माझ्याकडेही नाही.

हो, अजून जातो. पैसेही लावतो. त्या सहा-सातमधला सहावा गेम वहीत माझ्याच नावावर आहे. खोडायला एकदा पेन काढलं होतं.