“टाकू का रे ताडपत्री?”

एप्रिल महिन्यात दादाचा फोन आला की मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत तो हेच विचारतो. दादाची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात, मणेराजुरीच्या शिवारात. निम्मा माल तो बेदाण्याला घालतो. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. “एवढं वारं-ढग पोरांना शिकवतोस, मग पाऊस कधी येणार ते सांग की,” असं तो सहा वर्षांपूर्वी चेष्टेत म्हणाला आणि मी ते मनावर घेतलं.

ज्यांनी बेदाण्याची शेड पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरली की पुढे साधारण पंधरा दिवस फक्त कोरडी हवा लागते. पावसाचं पाणी लागलं की मणी काळा पडतो आणि दर कोसळतो. मग कायमची ताडपत्री का टाकून ठेवत नाही, असं शहरातले पाहुणे हमखास विचारतात. बाजू झाकल्या की वारं कोंडतं, आत घाम धरतो, माल सुकायचा थांबतो. म्हणजे पाऊस चुकला तर नुकसान, आणि न येणाऱ्या पावसासाठी झाकलं तरी नुकसानच. हा दुसरा तोटा मला पहिल्या वर्षी कळलाच नव्हता.

त्या वर्षी मी फोनवरच्या ॲपवर विसंबलो. ‘पावसाची शक्यता ६० टक्के’ दिसलं, दादाला सांगितलं, चार गडी संध्याकाळी थांबवून सगळी शेड बांधून घेतली. रात्री आभाळ असं स्वच्छ, की आप्पा बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, “मास्तर, चांदण्या मोजा आता.” पाचव्या दिवशी ॲपवर काहीच नव्हतं आणि रात्री अकराला वळीव असा आडवा आला की पूर्वेकडचे बाहेरचे रॅक वरपासून खालपर्यंत भिजले. दादा काही बोलला नाही. वहिनींनी मात्र दोन दिवस चहा विचारला नाही.

मग वही घातली. आधी तापमान. थर्मामीटर शेडच्या पत्र्याला टांगला आणि ४४ अंश वाचून घाबरलो, पण ते पत्र्याचं तापमान होतं, हवेचं नव्हे. जुन्या लाकडी पेटीला झडपा मारून, पांढरा रंग देऊन ती चार फूट उंचीच्या खांबावर ठेवली, तेव्हा कुठे आकडे जागेवर आले. पर्जन्यमापकाचंही तसंच. सरळ कडांचा डबा ठेवला तो आंब्याखाली, आणि पाऊस थांबल्यावरही पानं त्यात ठिबकत राहिली. डबा मोकळ्या रानात नेला आणि हवामान खात्यासारखी सकाळी साडेआठला नोंद सुरू केली.

खरा उजेड पडला तो दुसऱ्या थर्मामीटरने. त्याच्या फुग्याला मलमलची ओली चिंधी गुंडाळायची, जरा पंख्याने वारं घालायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. दुपारी अडीचला कोरडा ३८ आणि ओला १९ असेल तर दवबिंदू, म्हणजे हवा जितकी गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव होतं ते तापमान, ७ अंशांच्या आसपास येतो, त्या दिवशी पावसाचा विचार सोडून द्यावा. कोरडा तोच ३८, पण ओला २४ झाला की दवबिंदू १८ वर जातो. अंगाला घाम चिकटतो तो हाच. उकाडा दोन्ही दिवशी सारखाच, पण ढगाला लागणारा माल दुसऱ्याच दिवशी असतो. आप्पा याला ‘कुंद पडलंय’ म्हणतात आणि थर्मामीटर न बघता म्हणतात, हे मला थोडं झोंबतं.

तरी दवबिंदू १८ असूनही कित्येक दिवस कोरडे गेले. कारण वर झाकण असतं. दोन-तीन किलोमीटर उंचीवर गरम, कोरड्या हवेचा थर बसला की खालची वाफ तिथे अडते, आणि दुपारी तापमान पुरेसं चढलं तरच ते झाकण उडतं. हा थर दिसतो तो वर चढत हवा मोजणाऱ्या हवामानाच्या फुग्याच्या नोंदीत. पणजीहून पहाटे साडेपाचच्या सुमारास फुगा सोडतात, आणि अमेरिकेतलं वायोमिंग विद्यापीठ जगभरातल्या अशा नोंदींचे आलेख फुकट दाखवतं. पूर्ण एक हंगाम मी तो आलेख चुकीचा वाचला. पणजी समुद्रालगत, आम्ही घाटमाथ्यापलीकडे साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर. आलेखाचा तळाचा दमट भाग आमचा नव्हेच. आता तो भाग सोडून देतो, माझ्या पेटीतले दुपारचे आकडे तिथे बसवतो, आणि मग झाकण किती जाड आहे ते बघतो.

रडारचाही असाच धडा मिळाला. पणजीचं रडार आमच्यापासून सुमारे १९० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा सर्वांत खालचा किरणसुद्धा आमच्या रानावरून तीनेक किलोमीटर उंचीवर जातो. खाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. पण वळवाचा ढग बारा-पंधरा किलोमीटर चढतो, तो मात्र लपत नाही. त्यामुळे रडारवर काही नाही म्हणजे आभाळात काही नाही, असं मी आता धरत नाही. ‘दामिनी’ ॲपवर वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात विजा दिसायला लागल्या की मात्र गाडीला किक मारतो.

आणि बघायचं कुठे? पूर्वेला. पावसाळ्याची सवय म्हणून मी पश्चिमेकडे डोळे लावून बसायचो. पण वळीव आमच्याकडे बहुतेक वेळा जतच्या बाजूने, दंडोबाच्या डोंगरामागून येतो, कारण त्या दिवसांत वरचं वारं पुष्कळदा पूर्वेकडून असतं. ‘विंडी’ या हवामानाच्या ॲपवर साडेपाच-सहा किलोमीटर उंचीवरचं वारं सकाळीच बघून ठेवतो. ते पश्चिमेचं असेल तर जतकडे कितीही गडगडलं तरी बहुधा तो ढग आमच्याकडे येत नाही.

जिल्ह्याला ‘यलो अलर्ट’ असतोच, आणि तो बरोबरही असतो. पण सांगली जिल्हा म्हणजे इकडे शिराळा, तिकडे जत. ढग पाच-दहा किलोमीटर रुंद. खात्याने सांगितलेलं खरं ठरतं आणि आपला डबा कोरडा राहतो, यात कुणाची चूक नाही.

गेल्या वर्षीचा एप्रिलमधला एक दिवस वहीत जसा आहे तसा सांगतो. अडीच वाजता ३९ आणि २४. झाकण पातळ. साडेतीनला दंडोबामागे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग, कडा धारदार. चारला त्याचा माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झाला. दादाला फोन केला, “टाक. पूर्वेची बाजू आधी.” पावणेपाचला चमक आणि गडगडाट यांत १८ सेकंद मोजले, म्हणजे सहा किलोमीटर. गड्यांना शेडमधून घरात घेतलं. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की बाहेर थांबायचं नाही, हा नियम मी ताडपत्रीसाठीसुद्धा मोडत नाही. मग धुळीचं गार वारं आलं आणि दहा मिनिटांत पारा ३७ वरून २५ वर उतरला. पाठोपाठ पाऊस आला, हरभऱ्याएवढ्या गाराही पडल्या. डब्यात १७ मिलिमीटर. सुदैवाने एप्रिल होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरची हवा अजून गार असते, गारा वाटेत कमी वितळतात, आणि २०१४ च्या त्या दोन महिन्यांतली गारपीट महाराष्ट्रातला कुठलाच शेतकरी विसरलेला नाही.

त्याच हंगामात मी १९ वेळा ‘टाक’ म्हटलं, त्यातल्या ११ वेळा पाऊस पडला. ४ वेळा न सांगता आला. आकडे दादाला दाखवले. त्याने बोटाने वहीवर मोजलं आणि म्हणाला, “आठ वेळा फुकट बांधलं की रे.” मी म्हटलं, आधीच्या वर्षी चौदा वेळा फुकट बांधलं होतंस. तो गप्प झाला.

त्या गारांच्या दिवशी पाऊस थांबल्या थांबल्या दादा ताडपत्री सोडायला निघाला होता. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांब, म्हटलं. थांबला. सव्वासहाला पूर्वेची बाजू उघडली, हात घालून वरच्या जाळीवरचे मणी चाचपले, दोन तोंडात टाकले. तेवढ्यात दोन किलोमीटरवरच्या शेजाऱ्याचा फोन आला. त्याच्याकडे थेंबही नव्हता, आणि आमचं बघून त्यानेही सगळी शेड बांधली होती.